कडक कौल

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड, ते तुम्हाला काय सांगू!

बारावीनंतर मी नीटमध्ये सपशेल आपटलो. घरी सांगितलं, थोडक्यात हुकलो — पण ती थाप वेगळी, ती सोडा. अण्णा म्हणाले, लातूरला जा, एक वर्ष रिपीट कर. आई म्हणाली, नको, आधीच पोरगं वाळलंय. दोघं हटेनात. शेवटी ठरलं, गावच्या देवीला कौल लावायचा. तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर पुन्हा परीक्षा, डावं पडलं तर सुटका.

मला सुटका हवी होती. पण देवीवर तरी किती भरवसा ठेवायचा? फुलं लावायचा मान माझाच होता — परीक्षा माझी ना! उजव्या फुलाखाली मी हळूच नखभर ओला गूळ लावला.

डावं लगेच पडलं. उजवं आरती झाली तरी हलेना. गुरवकाकांनी पाणी शिंपडलं — ढिम्म. देवीच्या दंडावर मुंग्यांची रांग लागली, तसे त्यांनी हातच जोडले.

"अण्णा, लई कडक कौल हाय. पोराला आता कावून छळता?"

मी मान खाली घातली. लोकांना ती भक्ती वाटली.

इथंच संपलं असतं तर गंमत होती. पण दोन वर्षांनी धाकटी रेखा परीक्षेला बसली. ती मात्र खरंच थोडक्यात हुकली. रिपीट करते म्हणाली, तर अण्णांनी तिला बोलूच दिलं नाही. "देवीनं आपल्या घराला एकदा न्हाई म्हणलंय."

रेखा माझ्याकडं आली. "दादा, तू तितंच व्हतास ना? देवी खरंच न्हाई म्हणली का रं?"

गूळ — एवढा एक शब्द बोलायला किती वेळ लागतो? पण अण्णांच्या हाताची भीती... मिशा फुटल्या होत्या मला, तरी होती.

"व्हय," मी म्हणालो. "डोळ्यानं पाह्यलंय."

तिनं फार्मसी केली. आता केजला आमचं औषधांचं दुकान आहे. परवाना तिचा, मी मदतीला. खेड्यातल्या बायका तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. ती दर वेळी हसून सांगते, "डॉक्टर न्हाई मावशे, मी निस्ती औषधं देते."

मी शेजारीच असतो. गोळ्या पिशवीत भरत.