गोल इमारतीची दोन नावं

शाळेचे किस्से कुणी जमवावे लागत नाहीत. फळ्याखाली खडूची भुकटी साचते, तसे ते आपोआप साचतात. मी हिंगणीत सून होऊन आले त्याला चारच महिने झाले. पण हे शाळेत मास्तर, आणि सगळ्या मास्तरांचा चहा आमच्या ओसरीवर. मी दाराआड. ऐकण्याशिवाय करणार काय!

त्या महिन्यात सगळ्यांचीच धांदल उडाली होती. डिप्टी साहेब तपासणीला येणार होते. मुलींच्या वर्गाला बाई नेमायची होती, आणि मी सातवीची फायनल परीक्षा पास. अर्ज गेला. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, परवानगी दिली ती अटीवर.

"एक डाव जाय. नाई जमलं तं पुन्हा शाळेचं नाव काढजो नोको!"

*

शाळेच्या भिंतीवर दिल्लीच्या गोल इमारतीचं चित्र होतं. खाली वळणदार अक्षरात 'कौन्सिल हाउस'. स्वराज्य आल्यावर त्यावर चिठ्ठी डकवली, 'संसद भवन'. तपासणीच्या आठवड्यात नेमकी खळ वाळली, चिठ्ठी गळून पडली, आणि आमच्या शाळेत इंग्रज सरकार परत आलं!

*

जुन्या ढाकटे गुरुजींना त्याचं काहीच वाटलं नाही.

"नाव काऊन बदलावं लागते? गोटे तं तेच हायेत!"

"गुरुजी, साहेबांपुढे असं बोलू नका, पाया पडतो," हे म्हणाले.

"मी कायले बोलतो? पोट्टे बोलतीन. म्या शिकवून ठेवलं हाये."

हे चहा तसाच टाकून शाळेकडे धावले.

*

आता अर्ध्या मुलांना एक नाव पाठ, अर्ध्यांना दुसरं. हेडमास्तरांनी तोड काढली. साहेबांनी विचारलं की सगळ्यांनी एकदम ओरडायचं. कोणतं नाव आलं ते कळताच कामा नये!

तालीम झाली. आमच्या म्हशीनं दावं तोडलं. सासूबाई अंगणात धावल्या, "आग लागली का वं कुठी?"

*

लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, सुशीला. सासूबाई ते घेऊन तीनदा हाक मारत, आणि मी वळून बघे की कुणाला बोलावतायत.

"पोरगी बहिरी देल्ली का वं आपल्याले?"

मलाही हसू येई. तपासणीच्या आदल्या दिवशी ट्रंकेतून सर्टिफिकेट काढलं, तेव्हा हसू गेलं. त्यावर कुसुम होती. वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. मामाजींनी ते वाचलं, घडी करून परत दिलं.

*

डिप्टी साहेबांनी अर्ज आणि सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवले. हेडमास्तर आणि ढाकटे गुरुजी बाजूला उभे. मामाजी दारात, काठीवर हात. शेजारच्या वर्गात यांचा पाढे घेण्याचा आवाज मध्येच थांबला.

"अर्ज सुशीलाचा, सर्टिफिकेट कुसुमचं. यातली बाई कोणती, हे मी कसं ठरवू?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

मामाजींची काठी वाजली. "चाल, सूनबाई."

मी पदर सावरून उठले. सर्टिफिकेट परत देता देता साहेबांची नजर भिंतीवरच्या चित्रावर गेली. घाईत पुन्हा डकवलेली चिठ्ठी एका कोपऱ्यावर लोंबत होती. वरचं नाव दिसत होतं, खालचंही.

"हे काय? या इमारतीचं नाव तरी नक्की काय?"

हेडमास्तर पांढरे पडले. ढाकटे गुरुजींनी तोंड उघडलं. चार महिन्यांत परक्या पुरुषासमोर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला.

"साहेब, माहेरचं सांगू का सासरचं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या सर्टिफिकेटकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.