पाळक कोण, हे कोण ठरवणार

पांढरी गाडी चर्चच्या पार्किंगमध्ये शिरली तेव्हा माझा नवरा अर्ध्या चड्डीत गवत कापत होता. मी हॉलच्या काचेतून पाहत होते. गाडीतून एक बाई उतरली. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. मी मागच्या दाराने पळत बाहेर गेले आणि ओरडले, "अरे, बंद कर ते मशीन! आधी बंद कर!" मशीनच्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही. त्याने मला हसून हात केला आणि पुढचा पट्टा कापायला घेतला.

गवत कापण्यात घाबरण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. आम्ही नगरहून अमेरिकेत, टेक्ससमधल्या शुगर लँडला आलो ते नवऱ्याच्या धार्मिक कामाच्या व्हिसावर. चर्च लुथरन पंथाच्या जुन्या जर्मन कुटुंबांचं. सकाळी त्यांची उपासना इंग्रजीतून, दुपारी आमची मराठीतून. आमच्याकडे तेल कंपन्यांतले इंजिनिअर, हॉस्पिटलांतल्या नर्सेस आणि मास्टर्स करायला आलेली मुलंमुली. नवरा दोन्हीकडचा पाळक, म्हणजे पास्टर. त्या व्हिसावर त्याने फक्त पाळकाचंच काम करायचं आणि मी कसलंच करायचं नाही. मुदतवाढीचा अर्ज घातला होता. वकीलबाईंनी बजावलं होतं की इमिग्रेशनवाले न सांगता येऊन बघून जातात, आणि झाडलोट, माळीकाम असलं काही ते धार्मिक काम धरत नाहीत. पण नगरकडे वाढलेल्या पाळकाला हे कोण समजावणार? तिकडे चर्चचा पत्रा गळला तर पाळकच शिडी लावतो, आणि कोणाची म्हैस व्याली तरी प्रार्थनेला पाळकच जातो. मी त्याला दहादा सांगितलं होतं की गवताला माणूस लावा. तो म्हणायचा, प्रभूचं अंगण आहे, त्यात लाज कसली. लाजेचा प्रश्नच नव्हता, मला भीती वाटत होती.

मी धावत पुढच्या दाराशी पोचले, तर तिथे काका आधीच उभे होते. काका म्हणजे मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, अध्यक्ष, त्या जर्मन कुटुंबांतलेच एक. ऐंशीच्या पुढचे, उंच, कानाला यंत्र लावलेले. एवढ्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं आम्हा मराठी मंडळींना जमेना, म्हणून ते काका झाले, आणि काका हा चर्चमधला एखादा हुद्दा असावा असा त्यांचा पुष्कळ दिवस समज होता. त्यांनी त्या बाईंना कॉफी दिली होती. बाईंनी विचारलं, "इथले मिनिस्टर कोण?"

एवढा साधा प्रश्न. पण काकांना साधा प्रश्न विचारून चालत नाही. ते म्हणाले, "याजक म्हणाल तर आम्ही सगळेच आहोत. प्रत्येक बाप्तिस्मा झालेला माणूस याजक असतो. पाळकपण मंडळीच्या मालकीचं आहे. ते सांभाळायला आम्ही एका माणसाला पाचारण केलं आहे."

"त्यांना तुमच्या चर्चने दीक्षा दिलेली आहे का?"

"नाही. गरज नव्हती."

बाईंनी लिहून घेतलं. मग खिडकीकडे पाहत विचारलं, "आणि ते गवत कापणारे गृहस्थ?"

"तेच आमचे पाळक," काका अभिमानाने म्हणाले.

मी दाराची चौकट धरली. काका पुढे बोलतच होते, की माझ्या खापरपणजोबांना एका राजाने उपासना कशी करायची ते शिकवायचा प्रयत्न केला होता, म्हणून आम्ही टेक्ससला आलो, आता माझा पाळक कोण ते मी सरकारला ठरवू देणार नाही, वगैरे. बाईंनी तेही लिहून घेतलं. "थँक यू, मॅम," असं मला म्हणाल्या आणि गेल्या. तोवर नवरा घाम पुसत आला आणि विचारतो, कोण होतं?

काकांची ती गोष्ट आम्ही सगळ्यांनी कितीदा ऐकली होती. जर्मनीतल्या राजाने ठरवलं की लुथरन आणि दुसऱ्या पंथाचे लोक एकाच चर्चमध्ये आणायचे आणि उपासनेचं पुस्तक राजवाड्यातून येणार. जे पाळक ते वापरेनात त्यांना तुरुंगात टाकलं, चर्चच्या दारात शिपाई उभे केले. मग ही माणसं बोटीत बसली. इथे पोचल्यावर नवीन पंचाईत: डोक्यावर राजा नाही, बिशप नाही, तर आपल्या पाळकाला पाळक करणार कोण? त्यावर पुन्हा भांडणं. एक म्हणे, पाळकपण वरून येतं, एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून दिलेलं असतं. दुसरा म्हणे, ते मंडळीचं आहे. मंडळीने पाचारण केलं की झाला पाळक, हात ठेवणं ही फक्त एक चांगली रीत. काकांचं घराणं दुसऱ्या बाजूचं, आणि ते भांडण काल दुपारी झाल्यासारखं ते सांगायचे.

नवऱ्याला त्याचंच अप्रूप होतं. त्याला नगरला बिशपांनी हात ठेवून दीक्षा दिली होती, पण ती आमच्या तिकडच्या चर्चमध्ये, दुसऱ्या पंथात. इथे आल्यावर ती पुन्हा द्यायची का, यावर मंडळीची सभा झाली होती. काकांनी उठून सांगितलं, पाचारण दिलंय, तेवढं पुरे. त्या दिवशी नवरा तरंगतच घरी आला. मला म्हणाला, "पुन्हा दीक्षा घ्यायची म्हणजे मागची सगळी वर्षं खोटी होती असं कबूल करायचं. मी लावलेली लग्नं, मी पुरलेली माणसं, ती काय नाटकं होती? यांनी मला विचारलंसुद्धा नाही." मलाही तेव्हा बरं वाटलं होतं.

पण बाई येऊन गेल्यावर माझी झोप उडाली ती उडालीच. पार्सलवाल्याने बेल वाजवली तरी मी आधी पडद्याआडून बघायची. मुलीला सांगून ठेवलं होतं की मी घरी असले तरी दार तू उघडायचं नाहीस. सोफा घ्यायचा ठरला होता तो घेतला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कोणाच्या तरी ओळखीच्यांची गोष्ट यायची, यार त्यांना तर देश सोडायला साठ दिवसही मिळाले नाहीत, असली. मी ती वाचायची आणि वर पुन्हा उघडून वाचायची. मुलगी सातवीत होती. तिला मराठी आता धड वाचता येत नव्हतं. तिला नगरच्या कुठल्या शाळेत घालणार, हे मी भाजी चिरताना ठरवत बसायची आणि सुरी थांबायची.

मग सरकारची नोटीस आली. हा माणूस तुमच्या पंथाचा दीक्षित पाळक आहे हे दाखवा, नाहीतर अर्ज नामंजूर. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "दीक्षेची एक सर्व्हिस करा ना. फोटो काढा, सर्टिफिकेट द्या. व्हाय इज दिस सो कॉम्प्लिकेटेड?"

मी काकांना चर्चच्या स्वयंपाकघरात गाठलं. ते प्रभुभोजनाचे छोटे पेले पुसत होते. मी विचारलं, "काका, तुमचे खापरपणजोबा बोटीतून उतरले तेव्हा त्यांच्याकडे कोणी व्हिसा मागितला होता?"

"मला नाही वाटत," ते म्हणाले.

"मग त्यांना राजाशी भांडणं परवडलं. राजा मागे राहिला होता. आम्ही अजून त्याच्या दारात उभे आहोत. तुमचं तत्त्व खरं ठरेल, आणि विमानात आम्ही बसू."

माझा आवाज चढला होता. काकांनी हातातला पेला पुसून झाला तरी पुसणं थांबवलं नाही. पुढच्याच रविवारी त्यांनी सभा बोलावली आणि स्वतः ठराव मांडला की हात ठेवण्याची आज्ञाही नाही आणि मनाईही नाही, तेव्हा आपण तो विधी खुशाल करू शकतो. एकही माणूस विरोधात बोलला नाही. मला वाटलं, सुटलो.

नवरा घरी येऊन म्हणाला, "मी नाही करणार."

"आता तर काकासुद्धा हो म्हणाले!"

"कालपर्यंत ती रीत मोकळी होती. सरकारने मागितल्यावर ती मोकळी राहिली नाही." मग त्याने मला त्याहून जुनं भांडण सांगितलं. पहिल्या लुथरन लोकांना बादशहाने फर्मावलं की जुने झगे घाला, जुने विधी परत आणा. काही शिक्षक म्हणाले, कपडेच आहेत, घाला आणि चर्च वाचवा. बाकीचे म्हणाले, एरवी आम्ही आनंदाने घातले असते, पण हुकूम झाला म्हणून घातले तर ते आपला विश्वासच नाकारणं आहे.

"पाळकसाहेब," मी म्हटलं, "तो बादशहा होता. इथे एक बाई फाइल घेऊन आली होती."

"बादशहासुद्धा आधी फाइलच पाठवतो."

वादात तो माझ्यापुढे कधीच हरला नाही. शेजारच्या खोलीत मुलगी शाळेच्या बँडसाठी क्लॅरिनेट घोटत होती, एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी त्याच जागी चुकत. मी म्हटलं, "मला तुझं शास्त्र कळतं. तू बरोबरही असशील. पण मला भीती वाटते रे. सकाळी उठल्यापासून वाटते. मला दुसरं काहीच वाटेनासं झालंय." आणि मी रडले. त्याने मला असं रडताना लग्नानंतर पाहिलं नव्हतं. त्याने उठून मुलीच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "बरं."

विधी रविवारी दुपारी झाला, दोन्ही मंडळ्या मिळून. नवरा वेदीपुढे गुडघ्यांवर बसला. शेजारच्या गावातल्या पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले, काकांनीही ठेवला. आमच्या इंजिनिअर मंडळींनी धडाधड फोटो काढले, कारण वकीलबाईंना सगळ्या अँगलने हवे होते. नर्सेसनी पुलाव आणि केक आणला होता. लोक नवऱ्याला अभिनंदन म्हणत होते आणि तो सगळ्यांना थँक यू म्हणत होता. माझ्या खांद्यांवरचं ओझं खरंच उतरलं होतं. कित्येक आठवड्यांनी मी पोटभर जेवले. त्या फोटोंवर पुढे मुदतवाढ मिळाली, हेही सांगायला हवं.

घरी येताना हायवेवर नेहमीची गर्दी होती. नवरा गाडी चालवत होता. मुलगी मागे बसून फोनवर तेच फोटो बघत होती. मध्येच तिने विचारलं, "पप्पा, सो टुडे दे मेड यू अ पास्टर, राइट?"

"हं," तो म्हणाला.

"मग व्हेन यू बाप्टाइज्ड मी, इन नगर... यू वेअर नॉट अ रिअल वन?"

तिच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं. नवऱ्याने इंडिकेटर दिला, गाडी हायवेवरून खाली घेतली आणि एका बंद दुकानासमोर उभी केली. मला वाटलं, तो मागे वळून तिला समजावेल, लग्नांचं आणि पुरलेल्या माणसांचं सांगेल, काकांसारखं सांगेल. तो वळला, पण माझ्याकडे.

"तूच सांग तिला," तो म्हणाला.