कोंबडीमार्फत

आमच्या तांड्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. भांडण असतं म्हणून नव्हे, तशी रीत आहे. सासरा अंगणात आला की ती पदर नाकाखाली ओढते, आणि काही सांगायचं असेल तर मधल्या माणसाला सांगते. सासरा हाताच्या अंतरावर उभा असतो, त्याला सगळं ऐकू आलेलं असतं, तरी मधल्या माणसाने ते पुन्हा म्हटल्याशिवाय तो उत्तर देत नाही. भावाचं लग्न झालं तेव्हापासून आमच्या घरातलं हे मधलं माणूस मी होते.

भाऊ पांढरकवड्याहून ट्रक चालवतो, घरी थोडेच दिवस असतो. याडी, म्हणजे माझी आई, दिवसभर शेतात. मी कॉलेज संपवून घरी बसलेली. लहानपणापासून यवतमाळच्या होस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे माझी गोरबोली, म्हणजे आमची बंजारा बोली, कच्ची राहिली. घरातलं बोलणं इथे मी वऱ्हाडीत लिहिते आहे, ते त्याचमुळे. आणि बाबांशी काय बोलायचं, हे मला कधी कळलंच नाही. सुट्टीत आले की ते विचारायचे, "जेवली का?" मी म्हणायचे, "हो." मग दोघंही सुटल्यासारखे आपापल्या वाटेने जायचो.

वहिनी आली आणि मला वाक्यं मिळाली. "बाबा, वहिनी म्हणते, शेणखत अजून ओलं आहे." "तिले सांग, उद्या पसरू." वाक्यं दुसऱ्याची होती, पण बाबांकडे ती माझ्या तोंडून जात होती. हे काम मला किती आवडतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

खुराड्याची कल्पना वहिनीची. तिच्या माहेरी कोंबड्या होत्या, आमच्याकडे कधीच नव्हत्या. ढाणकीच्या बाजारातून गावरान कोंबड्या आधी आल्या आणि त्यांचं घर मग बांधायचं ठरलं. तोवर त्या परसात डाल्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, कोंडलेल्या. मी फोनवर व्हिडिओ पाहून नकाशा काढला. रात्री बसायला पत्र्याची खोली, आत आडव्या काठ्या, समोर दिवसा फिरायला जाळीचं आवार, आणि झाडलोट करायला माणूस जाईल एवढं दार. बाबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "चांगलं हाय," म्हणाले आणि गोठ्याचे उरलेले पत्रे काढायला गेले. त्या दोन शब्दांवर मी संध्याकाळपर्यंत खूश होते.

सुरुवातीला सगळं माझ्यामार्फत चाललं. मग एका दुपारी मी न्हाणीत केस धूत होते. बाबा पत्रा चढवत होते आणि त्याचा उतार घराकडे येत होता. वहिनीने मला हाक मारली. मी आतून "आले" म्हणाले, पण तेवढ्यात ती दुसऱ्याच कुणाशी तरी बोलू लागली.

"काय व कोंबडे," ती डाल्याजवळ बसून म्हणत होती, "पावसाचं पानी आपल्या चुलीतच येईन का नाई? सांग बरं बाबांले."

मग बाबांचा आवाज आला. "कोंबडे, तिले सांग, बुढ्याले उतार समजते. पलटवतो."

वहिनी हसली. बाबाही हसले. मी हातात तांब्या धरून तशीच उभी राहिले.

त्यानंतर मला हाक येईना. खिळे कमी पडले, वहिनी कोंबडीला सांगायची. चहा झाला, कोंबडीला सांगायची. एकदा मी आपणहून सुरुवात केली, "बाबा, वहिनी म्हणते..."

"आयकलं मी," ते म्हणाले. "कोंबडीनं सांगतलं. तुयाहून हे बरी. बातम्या वाचल्यासारखी बोलत नाई."

वहिनी पदराआड हसली. मीही हसले, कारण अशा वेळी हसायचं असतं. मग आत जाऊन मी माझा नकाशा घडी घालून तूरडाळीच्या डब्याखाली सरकवला.

दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी पुस्तक घेऊन बसायचे आणि पान उलटायचं विसरायचे. वहिनी दिसायला, कामाला माझ्यापेक्षा वेगळी होती, त्याचं मला काही वाटत नव्हतं. मला हेवा वाटायचा तो तिच्या पदराचा. त्याच्याआडून ती काहीही बोलू शकायची. मला तोंड झाकायची मुभा नव्हती, आणि उघड्या तोंडाने मला बोलता येत नव्हतं.

एकदा काठ्या तासता तासता बाबा तांबड्या कोंबडीला म्हणाले, "तुयासारखीच एक होती व. आमी उसाले जावो, तं माही याडी तिले बैलगाडीले बांधून ने. वाटनं तिनं अंडं देल्लं का माहा बाप गाडी थांबवे."

"अन् अंडं कोन खाये, पूस त्याईले," वहिनी कोंबडीला म्हणाली.

"जो रडे तो."

"मंग माईत हाय कोन खाये ते."

बाबा किती तरी वेळ हसत होते. ते लहानपणी ऊसतोडीला गेले होते, एवढं मला ठाऊक होतं. गाडीला कोंबडी बांधलेली असायची, अंड्यासाठी गाडी थांबायची, हे नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांची मुलगी होते, आणि हे बाजारातून आणलेल्या कोंबडीला माझ्याआधी कळलं.

शेवटी जाळी लावायचं काम उरलं. ऊन उतरलं होतं. वहिनी आवाराच्या आत, पत्र्याच्या खोलीला लागून, जमीन सारवत बसली होती. ती जिकडे असते तिकडे बाबा रीतीप्रमाणे पाहत नाहीत. मान खाली घालून ते बाहेरून जाळी बांबूंना तारेने आवळत गेले, आणि शेवटच्या कोपऱ्यात कोंबडी जाईल एवढंच भोक ठेवलं. माणसाचं दार माझ्या नकाशात होतं, आणि नकाशा डब्याखाली होता. बाबा हौदावर हात धुवायला गेले. वहिनी उठली, एक फेरी मारली आणि थांबली.

डालं पलीकडे कडुनिंबाखाली होतं. तिथवर हळू आवाज पोचला नसता, आणि सासऱ्यासमोर ओरडायचं नसतं. तिने डाल्याकडे पाहिलं, मग खिडकीत बसलेल्या माझ्याकडे.

"बाई," ती हळूच म्हणाली, "बाबांले सांगा ना."

मी पुस्तक ठेवलं, चपला घातल्या आणि सावकाश गेले. "बाबा, वहिनी आत राहिली."

"कायच्या आत?"

"जाळीच्या."

ते वळता वळता थांबले आणि भिंतीकडे पाहू लागले. त्यांचे खांदे हलत होते. "तिले सांग, अंडं देल्लं का सोडतो."

मी ते शब्दन्‌शब्द वहिनीला सांगितलं. तोवर ती पोट धरून खाली बसली होती.

तार सोडायला मी पक्कड घेतली, बाबांनी टोक धरलं. आम्ही दोघं कोपऱ्यात उकिडवे बसलो. इतके जवळ आम्ही क्वचितच बसतो. मी तारेवरची नजर न काढता विचारलं, "बाबा, गाडीत अंड्यासाठी तुम्ही मुद्दाम रडायचात का?"

त्यांच्या हातातलं टोक सुटलं. "तुले कोनं सांगतलं?"

"कोंबडीनं."

त्यांनी कडुनिंबाकडे पाहिलं. "चुगलखोर हाय," ते म्हणाले. मग टोक पुन्हा धरून म्हणाले, "मी नाई रडत होतो. लहाना भाऊ रडे. मी त्याले चिमटा घेवो, मंग अर्धं मले भेटे."

हे त्यांनी कोंबडीला सांगितलं नव्हतं. ते पुढे बोलत राहिले. जाळीआड वहिनी हसायची थांबली होती आणि पदर कानामागे सारून ऐकत होती. तिने ऐकू नये असं मला वाटत होतं. पण तार सुटली की ती बाहेर आली असती, बाबा उठले असते आणि बोलणं संपलं असतं. मी पक्कड हळूहळू फिरवत राहिले.