क्लचच्या चार स्प्रिंगा

उद्यमनगरात बाळासो मिस्त्रीचं गॅरेज माझ्या लेथच्या दुकानाला लागून होतं, त्यामुळं माझे कान फुकटात गेले. मोटारसायकलला पिकअप काढून द्यावा तर बाळासोनंच. टू-स्ट्रोक गाडीचं हेड तो माझ्याकडून कातून घ्यायचा, बाकीचं सगळं स्वतः करायचा आणि गळ्यात स्टॉपवॉच अडकवून मोकळ्या रस्त्यावर जायचा. परत आला की पाण्याचा तांब्यासुद्धा न घेता ओरडायचा, "संगमेश, साडेतीन सेकंद! उभ्या जागेवरनं साठला गेली की!" साठला पोचून पुढं काय करायचं, हे त्याला कधी सुचलं नाही. स्वतः मात्र गावातून सायकलवर फिरायचा.

साडेतीन सेकंदांची ती गाडी त्यानं भाच्यासाठी केली होती. कृष्णात त्याच्या थोरल्या बहिणीचा, तानाबाईचा, एकुलता एक. वडील नव्हते. घरच्या आठ म्हशी, घरोघरी दुधाचा रतीब. हायवेवरच्या रेशी जिंकायला लागल्यावर तेवीस वर्षांच्या त्या पोराचे पाय जमिनीवर राहिले नाहीत, आणि मामाचे त्याहून नाहीत.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर रेशीतल्या एका पोराचा पाय गेला. दुसऱ्याच दिवशी तानाबाई दुधाची रिकामी किटली घेऊन गॅरेजात आली. आवाज न चढवता म्हणाली, "बाळू, तूच त्याला नादाला लावलास, आता तूच सोडीव. गाडी साधी करून दे."

"देतो, अक्का. तुझ्या गळ्याची आण," असं बाळासो माझ्यासमोर म्हणाला.

भाच्याला त्यानं रेशी सोडायला लावलं, हेही खरं. कृष्णातनं एकच अट घातली. "मामा, एवढा पाडवा ह्याच गाडीवर करतो. तवर तिला हात लावू नगंस."

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून म्हैस रस्त्यावर आणायची. मालकानं मोटारसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढून गाडी रेस करत पुढं जायचं आणि म्हशीनं त्या आवाजामागं, मालकाच्या पाठीला नाक लावून धावायचं. महिनोन्‌महिने शिकवलेली म्हैस दुसऱ्या गाडीकडं ढुंकून बघत नाही.

"म्हशीच्या चालीनं तर जायचं हाय. त्यात काय व्हतंय?" बाळासो मला म्हणाला.

मी म्हणालो, "निदान क्लचच्या स्प्रिंगा तरी बदल." जास्तीची ताकद निसटू नये म्हणून त्यानं चार कडक स्प्रिंगा घातल्या होत्या. क्लच दाबून धरायला मनगट दुखायचं, आणि सोडला की गाडी एकदम झेपावायची. जुन्या स्प्रिंगा फळीवर डब्यात होत्या. अर्ध्या तासाचं काम. "पाडवा झाला की सगळंच काढतो," म्हणाला. खरं सांगायचं तर त्याचा हात होईना. जन्मात एकदा जमलेलं इंजिन स्वतःच मोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. मला त्याचा अजून राग येतो. पान्हे माझ्याकडंही होते, म्हणून माझाही येतो.

पाडव्याला कृष्णात तासभर त्या गर्दीत क्लच दाबून गाडी रेस करत होता. मागं त्याची म्हैस चंद्री, नाक त्याच्या पाठीला. लोक शिट्ट्या मारत होते. त्याचा डावा हात भरून आला असणार. अॅक्सिलरेटर पिळलेला असतानाच क्लच सुटला. गाडीचं पुढचं चाक आभाळाकडं गेलं आणि कृष्णात मागं पडला, धावत्या चंद्रीच्या पायांत. ती थांबली तोवर उशीर झाला होता. मग ती त्याला हुंगत उभी राहिली, कुणाला जवळ येऊ देईना.

सगळ्यांनी म्हशीला दोष दिला. तानाबाईनं आठवड्यात तिला दूरच्या बाजारात धाडली. भावाला मात्र म्हणाली, "तू त्याला रेशीतनं भाईर काढलंस, बाळू. माझ्याच नशिबात न्हवतं." स्प्रिंगांचं बाळासोनं तिला सांगितलं नाही. मीही नाही.

पुढच्या वर्षापासून ती दर भाऊबीजेला त्याला निरोप धाडायची. पोराच्या वर्षदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी ती त्याला ओवाळायची आणि तो ओवाळून घ्यायचा. गॅरेजात तो आता पंक्चरीच काढत होता. वजन निम्म्यावर आलं.

२००६ च्या भाऊबीजेला मला म्हणाला, "संगमेश, चल माझ्यासंगं. एकटा गेलो तर हेबी साल असंच जाईल." गेलो.

पाटावर बसल्यावर, तिनं निरांजन लावून ओवाळायला घेतल्यावर त्यानं सांगितलं. आण घेतली होती, गाडी साधी केली नव्हती, स्प्रिंगा डब्यात होत्या. "चंद्रीनं न्हाय मारलं, अक्का. म्या मारलं."

तानाबाईचा हात थांबला. मला वाटलं, ताट त्याच्या तोंडावर फेकेल. फेकलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ताट पुन्हा फिरवलं, एकदा, दोनदा, तीनदा. कपाळाला कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. निरांजन विझू न देता ताट देव्हाऱ्यापुढं ठेवून आली.

"साखर खा," ती म्हणाली. त्यानं खाल्ली.

"आता पुढच्या साली येऊ नगंस."