साडूंची जवसाची चटणी

माझ्या थोरल्या साडूंनी आजवर कोणालाही सुखानं जेवू दिलेलं नाही. वैरानं नव्हे, काळजीनं. आणि काळजीनं माणूस जास्त दमतो, कारण वैऱ्याला निदान दार उघडावं लागत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. ते राहतात मांजरीला, उसाला लागून नव्यानं उभ्या राहिलेल्या एका इमारतीत, आणि मी सहकारनगरला. मधे दोन बसा आणि पुण्याची सगळी वाहतूक आहे, पण त्या अंतराचा मला कधी काही उपयोग झाला नाही. दर रविवारी साडेदहाला बेल वाजते, दारात साडू असतात आणि त्यांच्या हातात स्टीलचा डबा असतो. डब्यावर कागद चिकटवलेला, त्यावर दळल्याचा वार आणि खाली सुवाच्य अक्षरात ‘आठ दिवसांत संपवणे’. आत जवसाची चटणी.

हे सुरू झालं माझ्या हृदयात स्टेंट बसवला तेव्हापासून. हॉस्पिटलनं मला सोडलं आणि साडूंनी धरलं. त्यांची उभी नोकरी एका सरकारी प्रयोगशाळेत तेलं तपासण्यात गेलेली, त्यामुळे चरबी या विषयावर ते कुठूनही सुरुवात करू शकतात आणि शेवट मात्र कुठेच करत नाहीत. शरीर लागेल ती बहुतेक चरबी स्वतः बनवतं, पण दोन आम्लं त्याला काही केल्या बनवता येत नाहीत, ती जेवणातूनच यावी लागतात, म्हणून त्यांना आवश्यक म्हणायचं, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मला त्या दोन आम्लांची दया येऊ लागली आहे. त्यातलं एक आपल्या करडईच्या आणि सूर्यफुलाच्या तेलात मुबलक असतं. चणचण असते ती दुसऱ्याची, म्हणजे ओमेगा थ्रीची. ते जवसात असतं, अक्रोडात असतं, आणि माशांत तर अगदी तयार रूपात असतं. साडूंनी जन्मात अंड्याला हात लावलेला नाही, पण ज्ञानापुढे ते सोवळं पाळत नाहीत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना त्यांनी एकदा जिन्यात गाठून बांगडा तळू नये, कालवणात शिजवावा, हे अर्धा तास समजावून दिलं. ते गृहस्थ मालवणचे आहेत. ते शेवटी हात जोडून म्हणाले, “आईला कळवतो.”

साडूंचं खरं उपकरण म्हणजे त्यांचं नाक. प्रयोगशाळेत यंत्रं होती, पण बाटलीचं बूच काढल्याबरोबर साडू जे सांगत, तेच दोन तासांनी यंत्र सांगे, असं त्यांचे जुने सहकारीही म्हणतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला ते पाहुण्यांत न बसता सरळ मागे आचाऱ्याकडे गेले, कढईवर वाकले आणि हे तेल दुसऱ्यांदा तापवलेलं आहे असं त्यांनी जाहीर केलं. आचारी प्रामाणिक होता. तो म्हणाला, “तिसऱ्यांदा, काका.” मग ते तेल उतरवून नवीन येईपर्यंत व्याही मंडळी वरणभातावर बसून होती आणि मी त्यांच्यासमोर हसत उभा होतो. ते हसू अजून माझ्या गालांना आठवतं.

मागच्या हिवाळ्यात साडूंना ताप आला. चांगला दहा-बारा दिवस टिकला, खोकला महिनाभर रेंगाळला. त्या काळात रविवार मोकळे गेले आणि मी दोनदा तूप वाढून घेतलं. मग एका रविवारी बेल वाजली. साडू थोडे वाळले होते, पण डबा होता. नेहमीप्रमाणे झाकण काढून त्यांनी नाकाशी धरला, डोळे मिटले आणि ताजी आहे म्हणाले. मी घास घेतला आणि तो तोंडातच फिरत राहिला. जवसाचं तेल लवकर खवट होतं, हेही मला त्यांनीच शिकवलेलं. नव्या ऑइलपेंटच्या दारासमोर जेवायला बसावं, तशी ती चटणी लागत होती. मी बायकोकडे पाहिलं, तिनं पाण्याचा पेला पुढे सरकवला. साडू समोर बसून समाधानानं माझ्या ताटाकडे पाहत होते.

संध्याकाळी ताईंचा, म्हणजे साडूंच्या पत्नीचा फोन आला. त्यांनीच हळू आवाजात सांगितलं की दोन दिवसांपूर्वी दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं, आणि साडू तिथेच टेबलाशी पेपर वाचत बसले होते. त्यांना कशाचाच वास येत नाही. ते कबूल करत नाहीत, आणि त्यांना विचारायची ताईंची छाती होत नाही. “तुम्ही काही बोलू नका,” ताई म्हणाल्या. मी बरं म्हटलं. थकलेल्या माणसाला न बोलण्याचं काम बरं पडतं.

पण ते काम पाच रविवार चाललं. आठवडाभर डबा तसाच राही, शनिवारी बायको तो रिकामा करून घासून ठेवी, रविवारी मात्र त्यांच्यादेखत खावंच लागे. सहाव्या रविवारी मी चटणीवर तेल घेऊन बोटानं कालवत होतो. साडू बराच वेळ माझ्या बोटाकडे पाहत राहिले.

“खरं सांगा,” ते म्हणाले, “खवट आहे का?”

नाही म्हणणं सोपं होतं. पण त्या माणसानं नोकरीभर तेलाबद्दल कोणाला खोटं सांगितलेलं नव्हतं.

“आहे,” मी म्हणालो.

“मागच्या वेळची?”

“तीही होती.”

“आणि तुम्ही खाल्लीत.”

“तुम्ही दोन बसा बदलून आणता,” मी म्हणालो.

मग माझ्या ताटातली चटणी त्यांनी चमच्यानं स्वतःच काढून घेतली. “बिघडलेलं तेल हृदयाला वाईट असतं,” ते म्हणाले, “हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं का?” आवाज मात्र नेहमीचा नव्हता. डबा उचलून ते गेले.

त्यानंतर तीन रविवार बेल वाजली नाही. माझं जेवण निवांत झालं, आणि त्या निवांतपणात काही चव नव्हती. साडू खोलीतच बसून असतात, दळायचं मशीन माळ्यावर टाकलं, एवढं ताईंकडून कळलं. चौथ्या शनिवारी मी मांजरीला गेलो आणि साडूंना चप्पल घाला म्हणालो. कुठे, असं त्यांनी विचारलं. मी मार्केट यार्ड म्हणालो. “मला आता त्यातलं काही कळत नाही,” ते म्हणाले. मला कधीच कळत नव्हतं, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

भुसार बाजारातल्या त्यांच्या ओळखीच्या दुकानदारानं पोत्याचं तोंड उघडलं. साडूंनी मूठभर जवस घेतलं, सवयीनं नाकापर्यंत नेलं, आणि हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो तळहात माझ्यापुढे धरला. मी वाकून वास घेतला.

“गवतासारखा येतोय.”

“ओल्या की वाळलेल्या?”

“वाळलेल्या.”

“दोन किलो द्या,” ते दुकानदाराला म्हणाले.

परत निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. पिशवी मी घेतली, त्यांनी माझ्या दंडाला धरलं. काही पावलं गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, आता कसला येतोय. मी सांगू लागलो. तागाची पोती, मिरची, हमालांच्या चहाचं आलं, ट्रकचा धूर. ते मान हलवत ऐकत होते. माझं नाक सामान्य आहे, माझ्याजवळचे वास लवकर संपले. म्हणून मी आपलं गूळ म्हणालो.

“गुळाचे गाळे मागे राहिले,” साडू म्हणाले, “आणि वारा इकडून तिकडे आहे.”

थोडं चालल्यावर त्यांनी माझा दंड जरा दाबला.

“असू दे,” ते म्हणाले. “तुम्ही सांगत राहा.”