तोत्तोरीचा दरवाजा

आमच्या ओळखीच्या मंडळींत आज असे सांगितले जाते की, मी माझ्या आजारी मित्राशी एका जपानी किल्ल्यावरून वाद घातला, त्यात त्याला हरवले, आणि त्यामुळे त्याने डायलिसिस बंद केले. पुढे त्याच्या मुलीने हात जोडूनही मी माघार घेतली नाही. यातील शेवटचे विधान धादांत खोटे आहे. ते सांगणाऱ्यांपैकी कुणीही त्या खोलीत नव्हते. मी होतो.

आम्ही दोघे पुण्याचे, एकाच कॉलेजातले, सुट्टी मिळाली की सह्याद्रीतले गड चढणारे. पुढे कंपनीच्या कामासाठी दोन वर्षे जपानात एकत्र काढली. कॅलेंडरवरचे पांढरेशुभ्र जपानी किल्ले पाहून लोक सन्मान आणि शौर्य यांवर बोलू लागतात, त्याचा मला तिटकारा आहे. त्यातले कित्येक मनोरे गेल्या शतकात सिमेंटने उभारलेले आहेत. किल्ला म्हणजे पाणी, धान्य आणि आत खाणारी तोंडे किती, एवढेच. हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने तोत्तोरीला जावे. तिथे डोंगराच्या कडेने दगडी तट उरले आहेत, बाकी फारसे काही नाही.

सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी शत्रूने वेढा घालण्याआधीच त्या मुलखातला तांदूळ चढ्या भावाने उचलला. मग आसपासच्या गावकऱ्यांना किल्ल्यात पिटाळले, म्हणजे आतली तोंडे वाढावीत. समुद्रातून येणारी रसद तोडली. आतल्यांनी गवत खाल्ले, झाडांच्या साली खाल्ल्या, घोडे खाल्ले आणि शेवटी मेलेली माणसे. तेव्हा किल्लेदाराने आपले पोट चिरून घेण्याच्या बदल्यात उरलेल्यांची सुटका करवून घेतली. बाहेर आल्यावर मिळालेले अन्न ज्यांनी अधाशासारखे खाल्ले, त्यांतलेही पुष्कळ मेले म्हणतात.

या किल्लेदारावरून आमचा वाद तीस वर्षे चालला. मित्र म्हणे, "आपल्याकडे एक पावसाळा काढला की वेढा उठायचा. तग धरणं हेच किल्लेदाराचं काम." मी म्हणे, दरवाजा एक महिना आधी उघडायला हवा होता. आम्ही अमेरिकेत आलो, पिस्कॅटवेला शेजारी-शेजारी घरे घेतली, निवृत्त झालो, त्याची पत्नी गेली. वाद तिथेच होता.

त्याची मूत्रपिंडे निकामी झाल्यावर आठवड्यातून तीन सकाळी मी त्याला डायलिसिसला नेत असे. चार तास तो त्या खुर्चीत, हातात दोन सुया, मी शेजारी. त्याची एकुलती मुलगी इथेच जन्मलेली. बापासाठी ती दूर दुसऱ्या राज्यातल्या मॉरिसव्हिलमधली चांगली नोकरी सोडून, नवऱ्याला तिकडेच ठेवून, परत आली होती. तिला येऊन दुसरे वर्ष चालू होते.

एका मंगळवारी तो म्हणाला, "तुझा तो एक महिना. परत सांग."

"कितीदा सांगू? तुला पटायचं तर नाहीच."

"सांग रे. अजून तीन तास आहेत, पळून कुठे जाणार मी?"

मी सांगितले. शेवटचा महिना किल्लेदाराने स्वतःच्या बळावर नाही, आतल्यांच्या जिवावर काढला, हे मी नेहमीपेक्षा नीट मांडले.

"आणि आतलेच म्हणाले असते, थांबा, तर?"

"आतल्यांना विचारून कुणी किल्ला सोडत नाही. ते किल्लेदारानं ठरवायचं असतं."

त्याने यंत्राकडे पाहिले. मग म्हणाला, "मानलं. जिंकलास."

तीस वर्षांत पहिल्यांदा! मी लपवणार नाही: मला आनंद झाला. घरी येऊन बायकोला ही बातमी दिली आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तो का हरला, हा प्रश्न मला पडला नाही.

गुरुवारी तो गाडीत बसला नाही. डॉक्टरांनी फोनवर समजावले, घरी नर्स आली, त्याने डायलिसिस थांबवण्याच्या कागदांवर शांतपणे सह्या केल्या. मुलीने मला दारातच गाठले.

"काका, व्हॉट डिड यू टेल हिम? बाबा सारखे म्हणतायत, किल्लेदारानं ठरवायचं असतं."

मी झालेले सगळे सांगितले. तिने माझी बाही पकडली. "मग आत जाऊन सांगा, तुमचंच चुकलं म्हणून. ते फक्त तुमचं ऐकतात. प्लीज, काका. जस्ट लूज. एकदाच."

मी आत गेलो, दार लावले आणि म्हणालो, "मी चुकलो. किल्लेदारानं आणखी थांबायला हवं होतं."

तो हसू लागला. अंगात त्राण नसलेला माणूस एवढ्या मोठ्याने हसू शकतो हे मला ठाऊक नव्हते. "तुला जमत नाही रे हे," तो म्हणाला. "हरायचा सराव नाही तुला."

मी हट्टाला पेटलो. हिवाळा तोंडावर होता, म्हणालो. बर्फ पडला असता, शत्रूची छावणी उखडली असती, दुसरी रसद आली असती. माझा आवाज चढला. त्याचाही चढला. माझा एकेक मुद्दा त्याने माझ्याच तीस वर्षांच्या युक्तिवादांनी खोडून काढला, आणि त्यातला एकही मला परतवता आला नाही. कारण ते बरोबर होते. शेवटी तो दमला आणि म्हणाला, "पोरीला तिच्या घरी जाऊ दे आता."

बाहेर ती भिंतीला टेकून उभी होती. तिला हसणे ऐकू गेले होते, नंतरचे चढलेले आवाजही.

"सांगितलंत?"

"सांगितलं. चुकलो म्हणून."

"तुम्ही?" ती म्हणाली. "काका, तुम्ही आत जाऊनही भांडलात."

नवव्या दिवशी तो गेला. शोकसभेला तिने सगळ्यांसमोर सांगितले की तिने माझ्याकडे फक्त एकदा हरण्याची भीक मागितली होती आणि मला तेवढेही जमले नाही. मी उठून उभा राहिलो आणि स्पष्ट म्हणालो, "हे खोटं आहे. मी हरलो होतो."

कुणी मान वर केली नाही. शेजारी बसलेल्या बायकोने माझा सदरा ओढला. "बसा हो खाली," ती पुटपुटली. "आज तरी."

मी बसलो नाही.