नेपाळच्या डोंगरात नाचणीला मोड

चि. सुमनला मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? एरंडेल चोळतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? जावईबापूंचा खोकला उतरला का? बाळूचा कान अजून वाहत असेल तर घरचं औषध पुरे, दवाखान्यात दाखवा. सरूवहिनींचे गुडघे जिना चढू देतात का? मी धडधाकट आहे. फक्त ओठ फुटले होते, ते नेपाळच्या थंडीने.

तुमच्या मंडळातल्या बायांना पुढच्या वर्षी माझ्यासारखं नेपाळला मदतीला जायचंय म्हणतेस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. सगळ्यांना वाचून दाखव.

मी पोरांचा खाऊ रांधते त्या बालवाडीत देवरूखच्या दवाखान्यातली नर्स कमल एक दिवस आली. म्हणाली, "मावशी, नेपाळात रोडावलेल्या लेकरांचं एक केंद्र आहे. बारा दिवस चुलीपाशी जाणतं माणूस हवंय. तुमच्या नाचणीच्या सत्त्वावर इथली पोरं उभी राहिलेली मी बघितल्येत. चला." मी शाळेची पायरी चढलेली नाही, लेकाच्या पाटीवर अक्षरं गिरवून शिकले. मला परदेशातून बोलावणं आलं, मी नाही म्हणेन होय?

दिवाळी आटोपून निघालो. देवरूखहून एस.टी.ने मुंबई, तिथून गोरखपूरची गाडी. दोन रात्री जातात, तेव्हा दशम्या आणि चटणी भरपूर घ्या. मग बसने सोनौली. पासपोर्ट लागत नाही, रस्त्यावरची कमान ओलांडली की परदेश. चपला त्याच, धूळ तीच, पण माझी छाती वीतभर फुगली. आपल्या नोटा चालतात, सुटे मात्र जवळ ठेवा. खाणावळीत डाळभात एकदा पैसे दिले की पोटभर वाढतात. पुढे केंद्राच्या वाटेवर तानसेन गावाकडे चढणारी वळणं आपल्या आंबा घाटाला खाली बघायला लावतील. लिंबू हाताशी असू द्या.

माझ्या पायाशी पंधरा किलो नाचणीचं गाठोडं होतं. मुंबईच्या फलाटापासून हमालासारखं वाहिलेलं. वळणावर बस थांबली आणि खिडकीतून बघते तर डोंगरभर पायऱ्यापायऱ्यांनी नाचणीच उभी, कणसं कापणीला आलेली.

कमल गंभीर तोंड करून म्हणाली, "मावशी, अजून दहा किलो आणायला हवी होती."

"गप गो, रांडेचे," मी म्हटलं, आणि दोघीही हसून बेजार.

केंद्र म्हणजे दगडमातीच्या तीन खोल्या. नऊ लेकरं, सोबत त्यांच्या आया. त्यातली दिलमाया मोडकंतोडकं हिंदी बोलायची, कारण नवरा मुंबईत रखवालदार. "माझे पण मुंबईलाच होते," मी म्हटलं, आणि आमचं जमलं. तिची कान्छी, म्हणजे धाकटी, दोन वर्षांची. दंडाची जाडी मोजायची रंगीत पट्टी लावली की माप लाल रंगावर, म्हणजे जिवाला धोका. घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवडाभरात खाल्लं नाही तर खालच्या मोठ्या दवाखान्यात हलवू. दिलमाया म्हणे, घरी दोन पोरं, शेत कापायचंय, मी तिकडे नाही जाणार, हिला घरी नेणार. आधी केंद्रातून अशीच घरी नेलेली दुसऱ्या बायांची दोन लेकरं वाचली नव्हती. कमलने हे मला बाजूला घेऊन सांगितलं.

मी लगेच नाचणी भिजवली, निथळली, ओल्या फडक्यात बांधून खुंटीला टांगली. मोडाच्या पिठाची पेज सरसरीत होते, गिळायला सोपी. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी मोड येतात. इथे दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, फडकं सोडलं तर आंबूस वास आणि एक मोड नाही. चाळीस वर्षं सत्त्व करतेय, पण थंडीचा हिशोबच डोक्यात नव्हता. पाच किलो नाचणी कोंबड्यांना गेली. आठवड्यातले तीन दिवस गेले ते वेगळेच. मी फडकं धुवायला घेतलं.

दिलमाया बघत होती. खाली मान घालून म्हणाली, "आमा, रागावू नका. आमच्याकडे कोदो उबेला ठेवतात. पण ते दारूसाठी."

आमा म्हणजे आई, आणि कोदो म्हणजे त्यांची नाचणी. पेंढा लावलेली टोपली, वर घोंगडी, चुलीच्या कुशीत. पाहुण्यांपुढे दारूचं नाव कसं काढायचं म्हणून ती तीन दिवस गप्प होती. आता खरं सांगते सुमन, माळकरी घरातली मी, दारूच्या टोपलीत लेकराचं अन्न ठेवायचं म्हणजे जिवावर आलं. मग कान्छीकडे बघितलं आणि म्हटलं, "आण गो बाय तुझी टोपली. नवा पेंढा घाल म्हणजे झालं."

दोन रात्रींत पांढरेशुभ्र मोड आले. उन्हात वाळवली, मंद भाजली, जात्यावर आम्ही दोघींनी दळली. सातव्या दिवशी दूध-गूळ घालून पेज केली. कान्छीने ओठ मिटले. मी चमचा पुढे केला, तिने मान फिरवली. दिलमायाने चमचा बाजूला ठेवला, बोट पेजेत बुडवून तिच्या ओठांना लावलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पोरीने बोट धरून ठेवलं. संध्याकाळपर्यंत पाव वाटी गेली. डॉक्टर म्हणाले, राहू दे इथेच.

बाराव्या दिवशी निघताना म्हटलं, शेवटची पेज मी ढवळते. दिलमायाने माझ्या हातातला डाव काढून घेतला. "आमा, तुम्ही फार हळू ढवळता, गाठी होतात." बाकी आया फिदीफिदी हसल्या. मला चुलीपासून उठवलं गो, आणि मला इतकं बरं वाटलं. कान्छीच्या दंडाची पट्टी लाल सोडून पिवळ्याला टेकली होती.

घरी येऊन महिना झाला. काल केंद्रातून हिंदीत पत्र आलं. कान्छी भिंत धरून चालते. दिलमाया कापणी उरकून वरच्या वाडीत टोपली घेऊन गेली, तिथल्या बायांना मोड आणायला शिकवते. कोणाकडून शिकलीस विचारलं तर सांगते म्हणे, "अर्धं माझं, अर्धं मुंबईकडच्या आमाचं." रत्नागिरी तिला कितीदा सांगितलं, पण असो. एवढं अर्धं मला पुरतं. पत्र मी बालवाडीत दोनदा वाचून दाखवलं.

तर नाचणी नेऊ नका, तिथे आहे. लोकरीचे मोजे न्या. कोण कोण येणार ते लवकर लिही, उलट टपालीच लिही. कमलला नावं कळवायचीत, आणि मीही पुन्हा जाणार आहे.

तुझी मावशी